कापडाची सुलटी बाजू

निदेल्विया पूट सहा वर्षं आईला एकच सांगत आली होती: सुट्टी मिळत नाही. कान्कुनच्या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात ती चादरी-टॉवेलांच्या खात्याची मुकादम होती. हाताखाली चौदा बायका. ऑक्टोबर सरत आला की पाहुण्यांची रीघ लागते हे खरंच होतं, त्यामुळे थाप पचायला सोपी गेली. आई फोनवर "बरं" म्हणायची, निदेल्विया "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायची, आणि दोघी पावावर, हवेवर, दुखऱ्या गुडघ्यांवर बोलू लागायच्या.

रोज साडेतीनशे चादरी बदलून घेणारी ही बाई आपल्या बापाचं एक कापड बदलायला काही जात नव्हती.

तिच्या गावी, पोमुचात, माणूस गेला की तीन वर्षं मातीत राहतो. मग घरचे त्याला वर काढतात, हाडं लाकडी पेटीत रचून उघड्या कोनाड्यात ठेवतात, आणि दरवर्षी मृतांच्या सणाआधी पेटी खाली उतरवून एकेक हाड ब्रशने पुसतात, खालचं भरतकामाचं कापड बदलतात. ते त्याचे सणाचे कपडे. जुन्याच कपड्यात राहिलेला माणूस लाजेने घरी जेवायला येत नाही, गावाच्या वेशीवरच घुटमळतो, असं तिकडच्या बायका सांगतात. निदेल्वियाही लहानपणी हे ऐकतच मोठी झाली होती. तेव्हा तिला यात भिण्यासारखं काही वाटलं नव्हतं. आजोबांची हाडं तिनेच पुसली होती, गाणी म्हणत.

बाबांचं वेगळं होतं. सातुर्निनो पूट गावच्या भट्टीवर पाव भाजायचे. त्यांच्या बोटांना कायम पीठ आणि बडीशेपेचा वास. नऊ वर्षांपूर्वी त्यांना मातीत ठेवलं तेव्हा ती तिथे होती. तीन वर्षांनी आईचा फोन आला, "बाबांना वर काढायचंय, ये," आणि निदेल्वियाच्या डोळ्यांपुढे ती बोटं आली, सुटी सुटी, पेटीत पडलेली. तिने सांगून टाकलं, सुट्टी नाही. ती भीती होती. भीतीबद्दल कुणी कुणाला फाशी देत नाही. पण दुसऱ्या वर्षी भीती ओसरली आणि तिच्या जागी लाज येऊन बसली: गेल्या वर्षी आली नाहीस, आता कुठल्या तोंडाने येतेस? तिसऱ्या वर्षी ती दुप्पट झाली. मग ती गावाकडे फिरकेनाशीच झाली. नाताळात आईच बसने कान्कुनला यायची. गेली दोन वर्षं तेही थांबलं होतं.

यंदा ऑक्टोबरच्या मध्यावर, रविवारी, आईने फोन केला.

"निदे, यंदा तुला यावं लागतंय. मला सुईत दोरा ओवता येत नाही आता. डॉक्टर म्हणतो डावा डोळा गेल्यात जमा, उजवा त्याच वाटेवर."

"अगं आई! मग शेजारच्या गुमेर्सिंदाकाकूंकडून करून घे ना कापड."

"तिच्याकडून? त्यापेक्षा तुझ्या बाबांना मी पिठाच्या पोत्यात गुंडाळून ठेवीन."

"पण सुट्टी..."

"मागून बघ," आई म्हणाली. त्यात ना राग होता, ना टोमणा. म्हणूनच निदेल्वियाला ते रात्रंदिवस ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने धोब्याच्या पावतीमागे प्रवासाचा बेत मांडला. बेत आखण्यात ती पटाईत होती; दोनशे माणसांचं लग्न हॉटेलात उतरलं तरी तिचा एक टॉवेल कमी पडत नसे. एकोणतीसला पहाटेची बस, मेरिदाला गाडी बदलायची, तिथून हेसेल्चाकानपर्यंत दुसरी, पुढे तीनचाकी. तीसला स्मशान. ब्रश दोन, एक मऊ, एक जाड. मेणबत्त्या गावातच. कापड. सगळ्यात वर तिने लिहिलं, "सुट्टी", आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

व्यवस्थापक एवारिस्तोसाहेबांच्या दारात ती बराच वेळ उभी राहिली. काय काय सांगायचं ते सगळं ठरवून आली होती: आई आंधळी होत चाललीये, बदली माणूस मी शोधते, नाताळात एकही दिवस घेणार नाही.

"साहेब, महिनाअखेरीस चार दिवस सुट्टी हवी होती."

"घे की," साहेब मान वर न करता म्हणाले. मग त्यांनी तक्त्यावर पाहिलं. "पाच घे. मृतांच्या सणाला जातेस ना? तू पोमुचची, नाही का?"

"हो."

"मग याआधी कधी कशी मागितली नाहीस? इस्त्रीवरची तुमच्याच गावची लांदी दरवर्षी जाते. मला वाटलं, तुझं तिकडे कुणी नाही."

एक मिनिटही लागलं नव्हतं. निदेल्विया चादरींच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि धुवायच्या गाठोड्यावर बसली. सहा वर्षं ती ज्या भिंतीकडे बोट दाखवत होती ती भिंतच तिथे नव्हती. तिला रडू आलं नाही. कान मात्र बराच वेळ गरम होते.

कापड तरी आपल्या हाताने करायचं असं तिने ठरवलं. पांढरं कापड आणलं, रंगीत रेशीम आणलं, आणि सकाळच्या पाळीआधी खिडकीशी बसून नाव काढायला घेतलं. पहिलंच अक्षर गांडुळासारखं वळवळलं. तिने ते उसवलं. दुसऱ्यांदा जमलं ते त्याहून वाईट. लहानपणी आईने तिला पाच टाके शिकवले होते. बोटांना त्यातला एकही आठवेना. चादरीचे कोपरे सुरीसारखे काढणारे तिचे हात सुईपुढे अगदी अडाणी ठरले. चौथ्या दिवशी ती बाजारातल्या मशीनवाल्याकडे गेली.

"नाव काय घालू?" त्याने विचारलं. तो वेराक्रूझकडचा होता, त्याला काय माहीत.

"सातुर्निनो पूट."

"कोण, नवरा?"

"वडील."

"वाढदिवस का?"

"हो," निदेल्विया म्हणाली, आणि आपण एवढ्याशा गोष्टीतही खोटं बोललो याची तिलाच शिसारी आली. बारा मिनिटांत चार रंगांचे गुलाब आणि मध्ये नाव असं झोकदार कापड तयार झालं. उलट्या बाजूला दोऱ्याचं जाळं चिकटलेलं होतं. ती बाजू पेटीत खाली जाणार, कोण बघतंय?

ती गावी पोचली तेव्हा आई दारातच उभी होती, किती वेळ कुणास ठाऊक. केवढीशी झाली होती! तिने निदेल्वियाच्या तोंडावरून हात फिरवला, हनुवटीपाशी थांबली आणि म्हणाली, "जाड झालीस. बरं झालं." एवढंच. अंगणात सणाचा पिब, मक्याचा जाड रोट, पुरून भाजायचा खड्डा खणून तयार होता, घरात आचीओतेच्या लाल मसाल्याचा वास होता. रागावणं नाही, रडणं नाही. निदेल्वियाला वाटलं, एकदा धुवून काढली असती तर जेवण तरी गोड लागलं असतं.

सकाळी दोघी स्मशानात गेल्या. निळे, पिवळे, गुलाबी कोनाडे ओळीने उभे, आणि प्रत्येकापुढे कुणी ना कुणी बसलेलं, मांडीवर पेटी, हातात ब्रश. बाबांच्या कोनाड्याला लागूनच गुमेर्सिंदाकाकूंच्या नवऱ्याचा कोनाडा. काकू नवऱ्याची मांडीची हाडं घासत त्याच्यावरच करवादत होत्या, "जिवंतपणी कधी पाय धुतले नाहीस, आता बघ कसा गुपचूप पडलायस." निदेल्वियाला पाहताच त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"अगंबाई! राणीसाहेब आल्या की! आज सूर्य कुठून उगवला?"

"बऱ्या आहात ना काकू?"

"मी बरीच असते. तुझं सांग. दरवर्षी तुझं कापड बघते आणि म्हणते, या पोरीच्या हातांत जादू आहे. गेल्या वर्षीची कबुतरं! त्याआधीचे ते पाव, टोपलीतले! अख्ख्या ओळीतल्या बायका बघून गेल्या. बापाच्या कापडावर पाव काढायचं लेकीलाच सुचणार."

निदेल्वियाला काही कळेना. ती आईकडे वळली. आई झेंडूच्या काड्या मोडत होती, मान खाली.

"बसने पार्सल आलं की तुझी आई लगेच दाखवायला आणते," काकू म्हणाल्या. "यंदा काय केलंस? दे बघू."

आता तिला कळलं. सहा कापडं. सहाही आईने भरलेली, डोळे जात असताना, आणि सहाही लेकीच्या नावावर खपवलेली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते निदेल्वियाला तिथे, आजूबाजूला सगळे खरोखरचे मेलेले असताना, समजलं. तिने कापड पुढे केलं. दुसरं काय करणार?

काकूंनी गुलाब पाहिले. मग इथल्या सगळ्या बायका करतात तसं त्यांनी कापड उलटं केलं. दोऱ्याचं जाळं पाहिलं आणि घाईने पुन्हा सुलटं केलं.

"मला दे," आई म्हणाली. तिने कापड घेतलं, मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. "डोळे शिणले असतील पोरीचे. तिकडे काम का थोडं असतं." मग बादली उचलली. "फुलांना पाणी आणते. असू दे, मला वाट माहितीये."

आई नळाकडे गेली तशी निदेल्वियाच्या तोंडून फुटलंच. "काकू, ती कापडं मी नव्हती..."

"हळू बोल!" काकूंनी तिचं मनगट धरलं. "आम्हाला काय डोळे नाहीत? तुझ्या आईच्या हातची टाक्याची गाठ कान्कुनहून येईल का? पहिल्याच वर्षी ओळखलं सगळ्यांनी."

"मग मघाशी एवढं कौतुक..."

"तिच्यासाठी. तुझ्यासाठी नाही." काकू पुन्हा हाडं घासू लागल्या. "आम्हाला माहितीये हे तिला माहीत नाही. आणि आता तू पचकू नकोस."

गावभर माहीत होतं. ओळीतल्या प्रत्येक बाईने सहा वर्षं एका आंधळ्या होत चाललेल्या म्हातारीची अब्रू झाकली होती, आणि आता ती उघडी पाडायला निघालेली कोण, तर निदेल्विया. भट्टीत तोंड खुपसावं असं तिला झालं.

आई पाणी घेऊन आली. तिने फुलं ठेवली, पेटीपाशी तोंड नेलं आणि बराच वेळ काही पुटपुटत राहिली. प्रार्थना असेल, असं निदेल्वियाला वाटलं. मग दोघींनी पेटी खाली घेतली.

भ्यायची वेळ कधीच निघून गेली होती. पायाची बारीक हाडं आधी, मग नडग्या, बरगड्या. आई हाताने चाचपून एकेक देत होती, निदेल्विया पुसून ठेवत होती. बोटांची हाडं आली तेव्हा तिने ती जरा जास्त वेळ तळहातावर धरली. बडीशेपेचा वास अर्थातच नव्हता. धूळ होती, आणि ती ब्रशने सहज निघत होती. एवढंच काम होतं हे. ह्यालाच ती सहा वर्षं घाबरली.

शेवटी कवटी तिच्या हातात आली. काकू पलीकडे कुणाशी तरी बोलायला उठल्या होत्या. आता नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं. आईपुढे बोलायचं धाडस नव्हतं. बाबांकडे बघून ती बोलली, पण आईला ऐकू जाईल अशा आवाजात.

"बाबा, मी सुट्टी मागितलीच नव्हती. एकदाही नाही. ते लगेच देत होते."

आई नवं कापड पेटीत अंथरत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"माहितीये त्यांना," ती म्हणाली. "पहिल्याच वर्षी सांगितलं मी. गावाला काहीही सांगता येतं गं. ह्यांच्याशी कशी खोटं बोलू?"

"तुला कसं कळलं?"

"लांदीची आई भेटते ना बाजारात. आणि आत्ताचं हे कापड मशीनचं आहे, तेही मघाशी सांगून टाकलं."

निदेल्वियाने कवटीवरून पुन्हा एकदा ब्रश फिरवला. "काय म्हणाले असतील ते?"

"मेलेलं माणूस काय म्हणणार?" आईने कापडाचा कोपरा ओढून सरळ केला. "वाईट वाटलं ते मलाच. त्यांना पाव आवडायचे. गुलाब कधी आणले नाहीत त्यांनी घरात."

निदेल्वियाने पुसलेली हाडं कापडावर रचली आणि कवटी सगळ्यात वर ठेवली, बाबा बाहेर बघतील अशी. पेटी दोघींनी मिळून उचलली. ओळीतल्या बायका येऊ लागल्या होत्या, नवं कापड पाहायला. सगळ्यांत पुढे गुमेर्सिंदाकाकू. पेटीच्या कडेवरून कापडाचं एक टोक उलटं होऊन बाहेर आलं होतं, दोऱ्याचं जाळं दिसत होतं. आईला ते दिसणं शक्य नव्हतं. तिने हाताने शोधलं.

"सुलटी बाजू बाहेर काढ," ती हळूच म्हणाली. "लोक बघायला येतात."

निदेल्वियाने ती बाहेर काढली. काकू जवळ आल्या, गुलाबांकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काय सुंदर केलंय गं पोरी."

"थँक्यू काकू," निदेल्विया म्हणाली.