जावयाचं माप

खोंडाला ‘जावई’ हे नाव दिलं काकूंनी. दिवसभर चरायचं, पसरायचं आणि कुणी हाक मारली की मान फिरवायची, असल्या प्राण्याला दुसरं काय म्हणणार? बाटलीनं दूध पाजून त्याला वाढवलाही त्यांनीच, आणि तो जरा हाताशी येतोय तोच त्या गेल्या. तेव्हापासून गोठा सांभाळणारे काका बोलायचे ते या जावयाशीच. मुलगी लांब राहायची. तिचा नवरा, म्हणजे काकांचा खरा जावई, फोनवर “बरं आहे ना?” विचारायचा आणि उत्तर येण्याआधीच फोन बायकोच्या हातात द्यायचा. हा निदान ऐकून तरी घ्यायचा.

पण खोंड काकांच्या मालकीचा नव्हता, पैदास केंद्राचा होता. केंद्राचा नियम सरळ होता. खोंड वयात आला की डॉक्टरीणबाई येऊन त्याच्या अंडकोषाचा घेर मोजणार. चौतीस सेंटीमीटर भरला तर बीज चांगलं समजायचं आणि वळू म्हणून केंद्रावर न्यायचा. कमी भरला तर खच्ची करून गाडी ओढायला गोठ्यावरच ठेवायचा. म्हणजे नापास झाला तर जावई काकांपाशी राहणार. आपलं पोर नापास व्हावं म्हणून कुणी देव पाण्यात घालून बसतं का? काका बसले होते.

नुसते बसले असते तरी चाललं असतं. पण मापाच्या दिवशी गारठ्यात, पहाटेच उठून, त्यांनी हौदातलं पाणी बादलीनं जावयाच्या मागच्या अंगावर ओतलं आणि पोत्यानं पुसून त्याला कोरडा केला. थंडीनं अंडकोषाची पिशवी आखडून वर जाते आणि घेर कमी भरतो, हे गोठ्यात जन्म काढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

डॉक्टरीणबाई घाईतच आल्या. काकांनी शेपटी धरली. बाईंनी पिशवी खाली ओढून टेप गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“तेहेतीस. अंगानं एवढा आडदांड आणि हे असं? नाव मोठं, लक्षण खोटं.”

“असू दे हो बाई,” काका म्हणाले. आनंद लपवणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. ते खाली वाकून उगाच गवत सारखं करू लागले.

“मग आजच उरकून टाकू. धरा त्याला घट्ट.”

बाईंनी बॅगेतून खच्ची करायचा लोखंडी चिमटा काढला. तो काकांनी कितीदा तरी पाहिला होता, पण आज तो जावयासाठी निघाला होता. जावयाला त्यातलं काय कळणार? त्यानं काकांच्या काखेत तोंड खुपसलं. नवखं माणूस जवळ आलं की तो असंच करायचा. काकांना स्वतःची शरम वाटली. संध्याकाळी आपल्याशी बोलायला कुणीतरी हवं, म्हणून या मुक्या जिवाला जन्मभराचा अधू करायचा?

“थांबा बाई. पहाटे मी त्याला गार पाण्यानं धुतलाय. मुद्दाम.”

बाई बघतच राहिल्या. “काका, तुम्ही? अहो, चांगला वळू वाया गेला असता माझ्या हातून! कशासाठी हे?”

“घर खायला उठतं हो.”

बाईंनी चिमटा बॅगेत ठेवला, जावयाला उन्हात बांधायला सांगितलं आणि बाजेवर बसल्या. काकांनी चहा केला. जावयाचं अंग तापेपर्यंत दोघं बोलत बसली. बाईंचे गुडघे, त्यांच्या आईचा विसराळूपणा, काकूंचा फटकळपणा. काका कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले.

मग काकांनी स्वतः पिशवी खाली ओढून धरली, जशी धरायला हवी तशीच. बाईंनी टेप लावली.

“पस्तीस! पास झाला तुमचा जावई!”

“लोक मुलीला सासरी पाठवतात, मी जावयाला पाठवतोय,” काका म्हणाले. बाईंनी फोन करून केंद्राचा ट्रक बोलावला. ट्रकच्या फळीपाशी जावई अडून बसला, तेव्हा काकाच पुढे होऊन वर चढले. तो मुकाट्यानं त्यांच्या मागून गेला. काका एकटे खाली उतरले.

“आता पुन्हा कधी येणं होईल?” त्यांनी बाईंना विचारलं.

बाई गाडीचं दार लावता लावता थांबल्या. खोटी आशा लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “इथे आता दुसरा खोंड नाही ना, काका. मोजायला काही असलं की येईनच मी.”

“हो हो, बरोबर आहे. कामाशिवाय कोण कशाला येईल?”

काकांनी ते हसत म्हटलं होतं. बाई मात्र हसल्या नाहीत.