लाल दोऱ्याची झाडं

दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला, रिजच्या टेकडीवरल्या जंगलाला पाठ लावून आमचं सरकारी क्वार्टर होतं. मागच्या अंगणात बाभळीसारख्या कीकरची आणि कडुनिंबाची सावली इतकी, की कोथिंबीरसुद्धा धड येत नसे. खुशीत यायचं ते एकटं सिनेरारियाचं फुलझाड, कारण त्याला ऊन सोसत नाही. त्यातल्या एका गडद निळ्या रंगाचं बी मी एकोणीस वर्षं धरत आले. ऑक्टोबरात पेरायचं, फेब्रुवारीत फुलं बघत बसायचं. तो निळा बाजारात मिळत नाही, मी शोधून दमले.

त्या एप्रिलअखेर माझा नवरा अविनाश रिटायर होणार आणि आम्ही गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये जाणार. म्हणजे बी धरायची ही शेवटची खेप. मी सात उत्तम निळी झाडं निवडली आणि फुलं बियांसाठी राखायची खूण म्हणून प्रत्येकाला लाल दोरा बांधला. घरात सांगायचं तेवढं राहिलं. एरवी माझं तोंड मिटत नाही, नेमकं तिथंच मिटलं.

सकाळी बघते तर सातही झाडांवर एक फूल नाही. बाकीची, दुसऱ्या रंगांची, जशीच्या तशी. देवघरात खंडोबाचा टाक निळ्या फुलांत बुडालेला आणि सासूबाई हात जोडून बसलेल्या.

"आई, दोरा बांधलेलीच कशी तोडलीत?"

"अगं, दोरा बांधला म्हणजे देवाला राखलेलं. नवसाच्या बोकडाच्या गळ्यात काय बांधतात? दुसऱ्या एकालाही मी हात लावला नाही."

मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, तुमच्या देवानं माझी एकोणीस वर्षं खाल्ली. अविनाश पेपरमागे गेला, त्याची ती नेहमीची जागा.

कीकरच्या बुंध्याशी एक मरतुकडं निळं रोप मागं राहिलं होतं, नुसत्या कळ्यांवर. दुसऱ्या दिवसापासून आई काठी घेऊन त्याच्यापाशी बसू लागल्या, कारण रिजवरची माकडं काही शिल्लक ठेवत नाहीत. मी मात्र तीन आठवडे अबोला धरला. माझा राग भाकरीच्या तव्यासारखा, उशिरा निवतो.

एकदा उदबत्ती शोधायला देवघरात गेले. टाकासमोर नुसत्या अक्षता.

"त्या दिवसापासून आई फूलच तोडत नाही," अविनाश म्हणाला. "म्हणते, माझ्या हाताचा भरवसा नाही."

जन्मात बिनफुलाची पूजा न केलेली बाई. मला माझीच लाज वाटली, पण ते त्यांना सांगायला जीभ रेटली नाही.

त्या एका रोपाचं बी चिमूटभर मिळालं. गाझियाबादला उत्तरेच्या बाल्कनीत चार कुंड्यांत ते उगवलं. फेब्रुवारीत पहिलं निळं फूल उमललं, तेव्हा आई दाराशीच थांबल्या, हात पाठीमागे धरून.

मी त्या रोपाला लाल दोरा बांधला. "आई, हे देवाचं. तोडा."

त्यांनी लगेच तोडलं नाही. आधी वाकून बाकीच्या तीन कुंड्यांतल्या कळ्या निळ्याच आहेत ना ते बघितलं. मग तोडलं.