मागची डावी काच

जगातल्या कुठल्याही समस्येचं मूळ शांतपणे, क्रमवार आणि पुराव्यानिशी शोधलं तर सापडतंच, अशी बुद्धभूषण रामटेके यांची श्रद्धा होती. सव्वीस वर्षांच्या सरकारी नोकरीतून ती घडली होती आणि तिला अपवाद नव्हता. त्यांच्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराची काच सात वर्षं वाजत होती.

ती साधी वाजत नसे. सोसायटीच्या गेटजवळच्या गतिरोधकावर ती पहिली सलामी देई आणि तिथून पुढे दिल्लीच्या मयूर विहारभर स्टीलच्या डब्यात चमचे टाकून कुणी पळत सुटल्यासारखी वाजत राही. गेटवरचा वॉचमन गाडी न बघताच "रामटेके सर आ गए" म्हणून उठे आणि गेट उघडी. रामटेके इतकी वर्षं याला आदर समजत आले होते.

आता हे दार नेमकं त्यांच्या आईचं होतं. रमाबाई शहात्तर वर्षांच्या. नागपूर सोडून अकरा वर्षं झाली तरी नागपूर त्यांना सोडत नव्हतं. गाडीत बसायच्या त्या मागे डावीकडेच, आणि हँडल फिरवून काच चार बोटं उघडी ठेवायच्या. उन्हाळ्यात, थंडीत, हवेच्या प्रदूषणाचा आकडा पाचशेवर गेला तरी. "बंद काचेत माझा जीव गुदमरते," त्या सांगत, "आन् त्या एसीनं गुडघे धरतात." काच पूर्ण बंद असली की मुळीच वाजत नसे. चार बोटं उघडी असली की वाजे. म्हणजे आई आणि आवाज गाडीत एकत्रच चढत.

गेल्या चौदा एप्रिलला संसद मार्गावर, दिल्लीतला निम्मा विदर्भ जमलेला असताना, रमाबाई गाडीतून उतरल्या आणि पांढऱ्या साडीचा पदर सारखा करत म्हणाल्या, "गाडीत नाही बाप्पा, मी डफड्यात बसून आली." लोक हसले. रामटेकेही हसले, पण थोडं उशिरा.

यंदा जयंतीच्या आठवडाभर आधी धाकट्या भावाचा, सिद्धांतचा, नोएडाहून फोन आला. त्यानं नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती.

"दादा, या चौदा तारखेला आईला मी नेतो. माझ्या गाडीला आवाजच नाही."

"इंजिनचा नसेल."

"कशाचाच नाही, यार. बसून तर बघ."

फोन स्पीकरवर होता. रमाबाई मटार सोलत होत्या. त्यांनी निकाल दिला, "ज्याची गाडी वाजणार नाही त्याच्या गाडीत मी बसीन. मोठा-लहान मी पाहत नाही."

रामटेक्यांनी फोन ठेवला. पगार, फ्लॅटचा मजला आणि डोक्यावरचे केस या तिन्ही बाबतींत धाकट्यानं त्यांना कधीच मागे टाकलं होतं. वर्षातून एक दिवस आईला संसद मार्गावर नेऊन उतरवायचं, एवढाच थोरलेपणा त्यांच्याकडे शिल्लक होता.

रविवारी सकाळी त्यांनी फाईल उघडली. खरोखरची फाईल, दोरीसकट. विषय: मागची डावी काच. पहिल्या पानावर 'यापूर्वीची कार्यवाही' आली. पहिल्या मेकॅनिकनं पुढचे शॉकअप बदलले होते. दुसऱ्यानं दारावर थाप मारून "सर, दरवाज़ा ही नया डलवा लो" असं सुचवलं होतं. तिसऱ्यानं गाडी चालवून पाहिली, विचार केला, आणि रेडिओचा आवाज वाढवला.

चौथी नोंद त्यांनी जरा पुटपुटतच लिहिली. 'वेळोवेळी कागद लावला.' सरकारी कार्यालयात टेबल डुगडुगलं, खिडकी आपटली, कूलर गुरगुरला, की जुनं परिपत्रक चार घड्या करून खाली सारायचं, ही रीत त्यांना वरिष्ठांकडून मिळाली होती. तीच त्यांनी काच आणि रबर यांच्या फटीत वापरली. आठ-दहा दिवस शांतता नांदे. मग कागद नाहीसा होई. रामटेक्यांना वाटे आईनं फेकला, आईला वाटे यानं काढला. ते नवा लावत. कागद जातो कुठे, हा मुद्दा सात वर्षांत चर्चेला आला नव्हता.

मग मुलगी क्रांती मागे बसली, ते पुढे, आणि एकाच गतिरोधकावरून गाडी नऊ वेळा नेली. क्रांती बारावीची परीक्षा संपवून बसली होती, म्हणून उपलब्ध होती.

"पूर्ण बंद?"

"शांत."

"चार बोटं?"

"खडखड."

"अर्धी?"

"भूकंप, पप्पा."

"पूर्ण खाली?"

"काचेचा नाही, पण खाली तिला काहीतरी लागून टणटणतंय. आणि पप्पा, पानवाला आपला व्हिडिओ काढतोय. चलो ना घरी."

घरी आल्यावर गाडीच्या दारापाशी बळवंत शेलार उभे राहिले. सोसायटीच्या सुरक्षेचे सुपरवायझर, मूळचे साताऱ्याकडचे. बावीस वर्षं लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले.

"काय चाललंय साहेब?"

"निदान."

"कुनाचं?"

"दाराचं."

बळवंतांनी फाईल पाहिली, दाराकडे पाहिलं, आणि फाईल मिटून बॉनेटवर ठेवली. मग दार धरून हलकेच मागेपुढे केलं. आत कुणीतरी चूळ भरल्यासारखा आवाज झाला.

"पोटात पानी झालंय ह्याच्या," ते म्हणाले. "उघडावं लागंल."

"मेकॅनिकला बोलवू?"

"मग मी काय इथं परेडला उभा हाय?"

दार उघडायचं तर आधी काचेचं हँडल काढायला हवं होतं, आणि त्याला कुठेच स्क्रू नव्हता. रामटेके चष्मा वर-खाली करून शोधू लागले. बळवंतांनी गाडी पुसायचं पिवळं फडकं घेतलं, हँडलच्या मागे सारलं आणि बुटाला पॉलिश करावं तसं दोन्ही हातांनी मागेपुढे ओढलं. टिक् झालं. मागची बारीक तारेची क्लिप उडाली आणि क्रांतीच्या चहात पडली. हँडल हातात आलं.

"आता तुम्ही," बळवंत म्हणाले. "दार तुमचं हाय."

हात टेकायच्या कडेतला एक स्क्रू रामटेक्यांनी काढला. प्लास्टिकचं आवरण खालच्या कोपऱ्यापासून उचकटत, एकेक खुंटी सोडवत, त्यांनी अखंड बाहेर काढलं. खुंट्या बायकोच्या, श्रावस्तीबाईंच्या, इडलीपात्रात क्रमानं मांडल्या. श्रावस्तीबाई वरून बाल्कनीतून बघत होत्या. "पात्र घासून आणा," एवढंच त्या म्हणाल्या. सव्वीस वर्षांत प्रथमच रामटेके एखाद्या गोष्टीच्या तळाशी स्वतःच्या हातानं पोचले होते.

तळाशी लगदा होता.

करडा, दाट, खळीसारखा. क्रांतीनं तो चमच्यानं काढायला सुरुवात केली. त्यात अर्धवट अक्षरं होती, शिक्क्याची निळी वर्तुळं होती. सर्वांत वरची घडी अजून कोरडी होती. तिनं ती उलगडून वाचली.

"काग़ज़ का अपव्यय रोकने के संबंध में।"

"तुमच्याच हापिसातलं का साहेब?" बळवंतांनी विचारलं.

"हो," रामटेके म्हणाले. "सही माझीच आहे."

मग सगळं उलगडत गेलं. मूळ दोष बारीक होता: काच ज्या खाचेतून सरकते तिचं रबर झिजलेलं. दारात पावसाचं पाणी उतरणं साहजिकच होतं, आणि ते जावं म्हणून दाराच्या बुडाला भोकंही ठेवलेली होती. ती भोकं फटीतून आत घसरलेल्या परिपत्रकांनी बुजवली. पाणी साचलं. त्या ओलीनं काचेचा खालचा काठ धरणारे दोन स्क्रू गंजले. एक तुटून तळाशी टणटणत होता, दुसरा अर्ध्या आट्यावर लोंबकळत होता. काच एका पायावर उभी होती, आणि तोही पाय तिचा नव्हता.

"म्हणजे आवाज बंद करायला जे घातलं," क्रांती म्हणाली, "त्यानंच आवाज वाढला. पप्पा, प्रॉब्लेम तुम्हीच आहात, यार."

रामटेक्यांनी फाईल उघडून लिहिलं: 'कारण अंतर्गत आहे.'

यानंतर मात्र त्यांनी फाईलला हात लावला नाही. बुडाच्या भोकांत विणायची सुई घातली तशी तांबूस पाण्याची धार लागली आणि तिघंही नकळत मागे सरून टाळ्या वाजवते झाले. रामटेके ई-रिक्षानं जाऊन खाचेचं नवं रबर घेऊन आले. बळवंतांच्या बिस्किटाच्या डब्यातून मापाचे दोन स्क्रू निघाले. काचेच्या काठाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बसली. "कागद भिजतो," बळवंत म्हणाले, "रबर भिजत न्हाई. एवढं ध्यानात ठेवा, मग तुमचं मंत्रालय बी नीट चालंल." शेवटचा स्क्रू रामटेक्यांनी स्वतः आवळला. काच अंगठ्यानं दाबली. ती हलली नाही. पुन्हा दाबली. नाहीच.

गाडी निघाली. चार बोटं काच उघडी. पहिला गतिरोधक: काही नाही. दुसरा: काही नाही. मेट्रोच्या खांबांखालचा तो उखडलेला तुकडा, जिथे नव्या गाड्याही कण्हतात, तिथे रामटेक्यांनी मुद्दाम वेग वाढवला. बाहेरचे भोंगे ऐकू आले, भाजीवाला ऐकू आला, सात वर्षांत प्रथमच स्वतःच्या गाडीचं इंजिन ऐकू आलं आणि ते त्यांना फार समंजस वाटलं. पानवाल्यासमोरून ते तीनदा गेले. परतताना गाडी गेटपाशी येऊन थांबली तरी वॉचमन खुर्चीतून हलला नाही. त्याला कळलंच नव्हतं. रामटेक्यांना हॉर्न वाजवावा लागला. तो त्यांनी गरजेपेक्षा लांबवला.

सोमवारी संध्याकाळी सिद्धांत आपली गाडी घेऊन आला. रमाबाई आधी त्याच्या गाडीत बसल्या. गाडी निघताच पट्टा लावा म्हणून टुंग टुंग सुरू झालं; मग एक बाई इंग्रजीत बोलू लागली.

"ही कोण बोलून राह्यली?"

"गाडी आहे, आई."

"मंग वाजतेच ना."

"अगं, तो आवाज नाही, फीचर आहे!"

"आमच्यात वाजलं की वाजलंच म्हणतात."

मग त्या थोरल्याच्या गाडीत बसल्या. चार बोटं काच उघडली. सोसायटीला दोन फेऱ्या झाल्या. उतरताना त्यांनी काचेवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाल्या, "नाही वाजत रे भूषण." एवढंच. पण सिद्धांतसमोर म्हणाल्या. सिद्धांतनं दादाशी हात मिळवला आणि हळूच विचारलं, "दादा, माझं ते टुंग टुंग बंद होईल का?"

"बघतो," रामटेके म्हणाले. "फाईल घेऊन ये."

चौदा एप्रिलला ते पाचला उठले. गाडी धुतली, पुढे निळा झेंडा लावला, मागची डावी काच आधीच चार बोटं खाली करून ठेवली. हरल्या बाजूनं का होईना, सोबत जावं म्हणून सिद्धांतही आपली गाडी घेऊन हजर झाला. दोन्ही गाड्या गेटपाशी एकामागे एक उभ्या राहिल्या, आणि दोन्हींतून कसलाही आवाज येत नव्हता.

रमाबाई खाली आल्या. नवी पांढरी साडी, हातात पाण्याची बाटली. बरोबर त्यांची मैत्रीण अलकनंदाबाई होत्या, आणि त्यांच्यामागे बुद्धविहारातल्या आणखी आठ-नऊ बायका. सगळ्या पांढऱ्या साड्यांत, सगळ्या एकदम बोलणाऱ्या. घोळका गाडीला वळसा घालून फाटकाकडे निघाला.

"आई! गाडी इकडे!"

"ह्या सगळ्या मेट्रोनं चालल्या," रमाबाई न थांबता म्हणाल्या. "मी काहून एकटी गाडीत बसू? मांगून या तुम्ही."

"अगं, पण खिडकी..."

त्या रस्ता ओलांडूनही गेल्या होत्या. क्रांतीला त्यांच्याबरोबर पाठवलं. अर्ध्या तासानं तिचा फोटो आला: आजी मधल्या सीटवर, बरोबर एसीच्या झोताखाली, तोंड उघडून हसतेय.

मेट्रोच्या खिडक्या उघडत नाहीत.