शेठसाठी आणलेलं स्थळ

वहिनीने शेठसाठी स्थळ आणलं, आणि तेही छोटी गावाला गेलेली असताना.

शेठ म्हणजे छोटीने पाळलेला गेको, पालीच्या कुळातला एक प्राणी. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाडजूड शेपूट आणि चेहऱ्यावर कायम गल्ल्यावर बसल्यासारखा भाव, म्हणून शेठ. वहिनी त्याला पाल म्हणायची. पालीला पापण्या नसतात, याला आहेत, हा डोळे मिचकावतो, हे छोटीने तिला किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. आणि छोटी तरी कसली छोटी? चाळिशी ओलांडलेली, कानशिलांवर पांढरे केस आलेली, चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यातली मुख्य कारागीर. पण दादाची धाकटी बहीण म्हणून छोटी, आणि लग्न केलं नाही म्हणून कायमची छोटी. लग्न झाल्याशिवाय बाई मोठी होत नाही, असा या घरात कधीतरी शोध लागला होता.

वहिनी लग्नं जुळवायचं ऑफिस चालवायची. घराच्याच पुढच्या खोलीत समोरासमोर मांडलेल्या खुर्च्या, मध्ये टेबल. लोक यायचे, फोटो दाखवायचे, घसे खाकरायचे. वहिनीच्या हाताला यश होतं, हे छोटीही नाकारत नव्हती. पण धंदा अंगात भिनला की माणसाला जिकडेतिकडे तेच दिसतं. एकटी खुर्ची दिसली की वहिनी दुसरी ओढून तिच्याशेजारी लावायची. जोडीचा हरवलेला मोजा हातात धरून हळहळायची. छोटीच्या मागे तर ती हात धुऊन लागली होती. एकदा छोटी अक्कलदाढ काढून आली, गाल सुजलेला, तोंडात कापूस, तर पुढच्या खोलीत एक गृहस्थ हजर. त्यांनी विचारलं, तुमचे छंद काय? छोटी थुंकायला आत पळाली.

कारखान्यात नवं यंत्र येणार होतं. ते शिकायला छोटीला आठवडाभर दुसऱ्या शहरात जावं लागलं. निघताना तिने वहिनीला शेठच्या काचेच्या पेटीसमोर उभं केलं.

"ही पेटीखालची गरम पट्टी बंद करायची नाही. पोटाला ऊब मिळाली नाही तर त्याचं अन्न पचत नाही. अळ्या या पांढऱ्या पावडरीत घोळवून चिमट्याने द्यायच्या. पाणी बदलायचं. बस. याउपर तुझ्या मनात काही करावंसं आलं ना वहिनी, तर ते करायचं नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" वहिनी म्हणाली.

फोनवर ती रोज सांगायची, मजेत आहे शेठ. एकदा म्हणाली, "ये तर खरी, तुला एक गंमत दाखवते." छोटीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण समोर यंत्र होतं, शिकवणारा होता, आणि तिने ती शंका गिळली. नंतर तिला सगळ्यात जास्त राग या गिळण्याचाच आला.

ती परतली तेव्हा तिच्या खोलीतल्या काचेच्या पेटीवर मोरांच्या भरतकामाची चादर घातलेली होती.

"ही कशाला?"

"अगं, एकांत नको का त्यांना?" वहिनीने लाजून हसत म्हटलं.

त्यांना! छोटीने चादर ओढली.

उबेच्या बाजूला, शेठच्या लपायच्या खोबणीत, भलताच एक गेको ऐसपैस पसरला होता. शेठ दुसऱ्या टोकाला, थंड कोपऱ्यात, पाण्याच्या वाटीमागे चिकटून बसला होता. मानेवर चाव्याच्या खुणा, मागच्या पायाला जखम. आणि शेपटी नव्हती. तिच्या जागी लालबुंद खुंट होता. तुटलेली शेपटी पेटीत अंथरलेल्या कागदावर एका बाजूला काळी पडून वाळली होती.

छोटीच्या डोक्यात अशी तिडीक गेली की क्षणभर तिला दिसेना.

"हे काय केलंस?"

"अगंबाई!" वहिनीने तोंडावर हात नेला. "मी अळ्या टाकायला चादरीचं नुसतं टोक वर करायची. आवाज यायचे झटापटीचे, पण मला वाटलं सुरुवातीला रुसवेफुगवे असतातच. आमच्याकडे कितीतरी जोडपी..."

"जोडपी!" छोटी ओरडली. "अगं, हे प्राणी एकटे राहतात! जन्मभर! त्यांना आवडतं एकटं! तो तिकडे जिवाच्या आकांताने पळत होता आणि तू वरून चादर घातलीस?"

तिने दुसऱ्याला झाकणाच्या पारदर्शक डब्यात घेतलं आणि डबा उचलून खालून पाहिलं. शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे, त्यांच्यावर ठिपक्यांची कमान. काचेतला केसाएवढा ओरखडा ओळखणारे डोळे तिचे. दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती.

"हा नर आहे."

"छे! दुकानदार म्हणाला मुलगी आहे. शांत स्वभावाची."

"स्वभाव विचारलास? उंची नाही विचारलीस? शिक्षण?"

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. छोटीला त्या पाण्याचाही संताप आला. चावे शेठला, आणि रडायचं हिने!

जनावरांच्या डॉक्टरने जखमा धुतल्या, मलम दिलं. शेपटी पुन्हा येईल, म्हणाला, पण आखूड आणि बोथट. काळजी त्याची नव्हती. शेपटी म्हणजे या प्राण्याची शिदोरी, सगळी चरबी तिथे. ती गेली, त्यात तो घाबरलेला. "खायला लागला तर जगेल," डॉक्टर म्हणाला. याचा अर्थ काय ते छोटीला सांगावं लागलं नाही.

घरी दादा सोफ्यावर मोबाइल घेऊन पडला होता. मान वर न करता म्हणाला, "एका पालीसाठी केवढा तमाशा! हेतू चांगला होता तिचा."

तिथे छोटीचा बांध फुटला.

"हेतू! माझ्या प्रत्येक गोष्टीत तुमचा हेतू चांगलाच असतो. मी एकटी बसले की तुम्हाला बघवत नाही. मी एकटी जेवले की तुम्हाला दया येते. मी सुखात आहे दादा. कामावरून येते, दार लावते, त्याला खाऊ घालते, तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघते. पुरे आहे मला! तुम्हाला पुरत नाही म्हणून तुम्ही त्याच्या पेटीत दुसरा सोडलात. उद्या माझ्या खोलीत सोडाल आणि वरून चादर घालाल!"

"आम्ही तुझ्या भल्याचंच..." वहिनी पुटपुटली. "एकटं माणूस आजारी पडलं, तर विचारणारं कोण?"

"आणि तुला कोण विचारतं?" छोटी गर्रकन तिच्याकडे वळली. "तू दुकटी आहेस ना? मागच्या महिन्यात तापाने फणफणली होतीस, तेव्हा तुला पाणी कोणी दिलं? मी. तुझा हा जोडीदार तेव्हाही इथेच पडला होता. सांग बरं, आज सकाळपासून हा तुझ्याशी काय बोलला?"

वहिनी खरंच आठवत होती, हे छोटीला दिसलं, आणि आपण नको तिथे बोट घातलं हेही कळलं. पण शब्द परत घ्यावेसे तिला वाटले नाहीत. दादाचा अंगठा मोबाइलवर सरकत राहिला.

त्यानंतर घरात कोणी कोणाशी बोलेना. शेठ खाईना. छोटी कामावरून आली की अळी चिमट्यात धरून त्याच्यापुढे हलवायची, आणि तो तोंड फिरवायचा. पाठीचा कणा वर दिसायला लागला होता. ती दात आवळून बसायची आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालायची, वहिनीला, दुकानदाराला, दादाला, चादरीवर मोर काढणाऱ्या बाईलासुद्धा.

अशाच एका संध्याकाळी तिने अळीचं डोकं चिमटीने फोडून त्याच्या ओठांना लावलं. शेठने जीभ काढून चाटलं. थांबला. पुन्हा चाटलं. मग एकदम झडप घातली, अळी चावली आणि गिळली. छोटीने दुसरी दिली. तीही गेली. आता कुठे तिला रडू फुटलं, आणि रडतानाही ती रागाने म्हणत होती, "खा, मेल्या, खा!"

दारात वहिनी उभी होती. तिच्या हातात दुसऱ्या गेकोचा डबा होता, खाली गरम पाण्याची रबरी पिशवी धरलेली. इतके दिवस त्याला कोण सांभाळत होतं, हे छोटीच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"खाल्लं?"

"हो."

"बुधवारी एक जण येणार होते. तुला बघायला."

"अजूनही बोलावलं होतंस?" छोटी ताडकन उठली.

"आधीच ठरलं होतं. नको म्हणून कळवलं त्यांना." वहिनी डब्याकडे बघत म्हणाली. "याला दुकानात परत द्यायला गेले होते. तिथे एका पेटीत चार-चार कोंबलेत गं. उलटपावली आले. आता ऑफिसातली समोरची खुर्ची काढते आणि तिथे याची पेटी मांडते. याची एकट्याची." तिने डबा छोटीपुढे धरला. "मला त्या अळ्या चिमट्याने नीट धरता येत नाहीत. एकदा दाखव."

छोटीचा राग गेला नव्हता. तिने चिमटा जवळजवळ आपटतच वहिनीच्या हातात दिला. "मागून धर. घट्ट नको. आणि डोळे मिटू नकोस, तो तुला खात नाही."

वहिनी खाली बसली. चिमटा डब्यात गेला, अळी वळवळली, आतल्याने मान तिरकी करून वहिनीकडे रोखून पाहिलं.

"अगं ए," बाहेरून दादाची हाक आली, "वाढतेस ना? भूक लागलीय."

वहिनीने मान वळवली नाही.

"ओट्यावर आहे सगळं," ती म्हणाली. "घ्या वाढून."