नोव्हेंबरात खेळायला कोणी नसतं

पहिला प्रयत्न

धावणाऱ्या आमच्या गड्याला समोरच्या कॅल्डर कॉलेजच्या तिघांनी उचललं आणि मागे आणून टाकलं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. आम्ही एक मागे.

गुणांतही मागे, दोनने. घड्याळ संपत आलेलं. आज हरलो तर आमच्या लोर्टन कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल बंद. अध्यक्षबाईंनी जेवणाच्या हॉलमध्ये येऊन तोंडावर सांगितलंय : सहा सामने जिंका, नाहीतर हेल्मेटं जमा करा.

पाच जिंकलेत. हा शेवटचा.

दुसरा प्रयत्न

छोटा पास. थोडं पुढे.

आपसांत सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा आमचा जुना गट फुटला, नव्यात कोणी घेतलं नाही. गटवाले नोव्हेंबरात आपापसांत खेळतात. आमच्याशी कोण खेळणार? कोच बर्डीन उन्हाळाभर फोनला चिकटून होते. शेवटी भेटलं ते कॅल्डरच, तेही आमच्यासारखे बिनगटाचे. म्हणून एकाच हंगामात त्यांच्याशी दोनदा : सप्टेंबरात त्यांच्याकडे, आज आमच्याकडे.

सप्टेंबरात मी जिंकून दिलं. ऑरिन लाथ मारतो, मी गुडघ्यावर बसून त्याच्यासाठी चेंडू उभा धरतो. त्या दिवशी धरलाच नाही. उचलला आणि उजवीकडून पळत थेट गुणांच्या रेषेपार गेलो.

तिसरा प्रयत्न

पास हातातून निसटला. कोच ओरडले, "किक! आणि ट्रेंट, आज पळायचं नाही. कळलं?"

"हो, कोच."

खांबांमधून चेंडू गेला की तीन गुण. ऑरिनच्या आज दोन किक हुकल्यात. वारा तोच आहे.

चौथा

मी गुडघा टेकला. समोर त्यांचा कप्तान फाइक्स, तोंडात दातांचं रबर.

"काय रे पळपुट्या, आज पण पळणार?"

"थांबून बघ की."

"तुझी पाठ पाठ झालीय मला. दोन महिने व्हिडिओत तीच बघतोय."

त्याने दोघांना माझ्या उजवीकडे सरकवलं. त्यामुळे

डावीकडे कोणीच नाही.

रिकामं गवत, थेट रेषेपर्यंत. मला दिसतंय. मागे ऑरिनलाही दिसत असणार.

"ट्रेंट," तो हळूच म्हणाला, "धरशील ना?"

दोन हुकल्यात, लेका. दोन.

"ट्रेंट?"

"धरतो. तू माझ्याकडे बघू नकोस, चेंडूकडे बघ."

चेंडू आला. हातात बसला. डावीकडचं गवत अजून रिकामं. टेकवला, शिवण पुढे फिरवली, वरून बोट ठेवलं.

थाड.

धरणाऱ्याने वर बघायचं नसतं. मी गवताकडेच बघत राहिलो. फाइक्स उडी मारून माझ्या शेजारीच पोटावर पडला होता, मान खांबांकडे वळवून. मी त्याचा चेहरा बघितला.

त्याने डोळे मिटले.

मग आमच्या बाकांवरून आरडाओरडा उठला.

"आमचे पण पाचच होते," तो उठून बसत म्हणाला. "आम्हालाही सहाच सांगितले होते."

"म्हणजे तुमचा संघ..."

"हो. बंद." त्याने रबर थुंकलं. "आता पुढच्या नोव्हेंबरात कोणाशी खेळशील रे, पळपुट्या?"

ऑरिन माझ्या पाठीवर येऊन आदळला, रडत, हसत, "धरलास, धरलास!" म्हणत. पलीकडे कोच बर्डीन कॅल्डरच्या कोचचा हात हातात घेऊन उभे होते, सोडत नव्हते.

माझं बोट अजून गवतावर, चेंडू होता तिथेच.