दार रोज चार बोटं

मंगळवारी कोर्टाचा हुकूम आला. तळ्यातून निघणाऱ्या कालव्याचं दार शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पूर्ण बंद करायचं. तळ्यात एक जाड ओठांचा मासा आहे. तो संपत चाललाय, म्हणून कायद्यानं तळ्याचं पाणी आधी त्याचं. शेतकऱ्यांचा सरकारशी सत्तर वर्षं जुना करार होता, पण कायद्यापुढे कागद हरला.

दार बंद करणारा मी. एकतीस वर्षं या कालव्यावर पाटकरी आहे.

एमिल पेत्राशेक माझ्या गाडीला आडवा उभा राहिला. शहात्तर वर्षांचा म्हातारा. त्याचा जव चिकात होता, दाणा अजून भरायचा होता. आता पाणी तुटलं तर दाणा पोचट, आणि या वर्षी जव गेला की शेत विकणं आलं.

"करारावर माझ्या बापाची सही आहे, ड्वाइट! त्या माशानं कुठं सही केलीय?"

"काका, मला कशाला विचारता? वकिलाला विचारा."

"वकील गेला मसणात! मला अठरा दिवस पाणी पाहिजे."

मी चिडूनच निघालो. पण पुलाखाली पाणी पाहिलं आणि मागचा दुष्काळ आठवला. तेव्हाही असंच एका दिवसात दार बंद केलं होतं. तळ्यातून कालव्यात शिरलेले शेकडो मासे चिखलात तडफडून मेले. महिनाभर नाक धरून फिरलो. मासा वाचवायला दार बंद, आणि दार बंद केल्यानं मासा मेला! सगळे शिकलेसवरलेले, पण कालव्यात उतरून बघितलं एकानंही नाही.

मी सरळ ॲडलीनकडे गेलो. ती तळ्यावरच्या मूळच्या आदिवासी लोकांची, त्यांच्या माशांची तज्ज्ञ. खटला तिच्याच लोकांनी जिंकलेला. त्यांचा सरकारशी झालेला तह आमच्या करारापेक्षाही जुना.

"शेतकऱ्यांचा माणूस माझ्या दारात?" ती म्हणाली. "वाट चुकलास का?"

"जाळं घे आणि चल."

पुलाखाली एकदाच जाळं टाकलं. सात मासे आले, एकेक हातभर लांब. ॲडलीननं गुडघाभर पाण्यात वाकून एकाच्या पाठीवर हात ठेवला.

"यातला एखादा माझ्याहून वयानं मोठा असेल," ती हळूच म्हणाली. "ड्वाइट, हे सगळे काढायला किती दिवस?"

"दार हळूहळू उतरवलं, तर मासे डोहांत गोळा होतील. मग जाळ्यानं धरून तळ्यात सोडायचे. एकोणीस दिवस."

"आणि एमिलच्या जवाला?"

"अठरा."

"अरे लबाडा!"

"मग तूच मोज की."

तिनं दीड दिवस कालवा पायाखाली घातला. तिचा आकडा आला एकवीस! माझ्यापेक्षा दोन जास्त.

गुरुवारी दुपारी ती कोर्टात उभी राहिली. "बाईसाहेब, तळं दोन बोटं उतरेल, ते चालेल. कालव्यातले मासे मेले तर चालणार नाही. तोवर कालव्यातलं पाणी शेतात गेलं, तर आमची हरकत नाही."

न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"कोणी विचारलंच नाही. वकील चाळीस होते, पाटकऱ्याला कोण विचारतो?"

बाई हसल्या. हुकूम बदलला: दार रोज चार बोटं, एकवीस दिवस. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

एमिलला पाण्याची शेवटची पाळी पूर्ण मिळाली. जव टपोरा भरला. एकविसाव्या दिवशी तो न बोलावता कालव्यावर आला. त्याच्यामागे निम्मा गाव, जाळी आणि टोपल्या घेऊन. त्याच्या सुनेनं 'कोलाचे' नावाच्या गोड पावांनी भरलेला डबा ॲडलीनच्या लोकांपुढे उघडला.

शेवटच्या डोहात शेवटचा मासा एमिलच्या हाती लागला. "सरका! वाट सोडा!" असं ओरडत म्हातारा मासे तळ्यात नेणाऱ्या टाकीच्या गाडीकडे निघाला आणि पाय घसरून छातीपर्यंत चिखलात बसला. मासा मात्र त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला होता.

"मला नंतर काढा रे!" तो किंचाळला. "आधी याला घ्या!"

ॲडलीन धावली. दोन्ही काठांवर शिट्ट्या आणि टाळ्या उठल्या, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा मीही त्या कालव्यावर गळा फाटेस्तोवर ओरडलो.