एका बाजूची पट्टी

तांड्यावरचा वसराम सांगायला आला तेव्हा मी उसाच्या ट्रॉलीखाली उताणा पडून वेल्डिंग करत होतो. मला त्याचे पाय तेवढे दिसत होते. किसनरावची भाड्यानं माणसं नेणारी जीप रिसोड रस्त्यावरच्या पुलाजवळ मोडली, म्हणाला. मी खालूनच हसलो.

"मोडणारच होती. सांगितलं होतं त्या शहाण्याला."

वसरामचे पाय हलले नाहीत. मग तो म्हणाला, "देविदास, बाहेर ये. वहिनी होती त्यात."

वहिनी म्हणजे बेबीबाई, माझी बायको. सेनगावचा बाजार करून तांड्यावर परत चालली होती. २००३ साल होतं.

जीपच्या खाली दोन लांब लोखंडी तुळया असतात, त्यांच्यावर सगळी गाडी उभी असते. त्याला आम्ही चासी म्हणतो. नऊ जणांच्या गाडीत वीस-वीस कोंबून किसनरावनं चासी वाकवली होती. तुळयांना आधाराच्या लोखंडी पट्ट्या मारून घ्यायला तो आधी माझ्याकडंच आला होता. मी सांगितलं, पट्टी लांब लागते, टोकं तिरपी कापावी लागतात, बोल्टनं आवळावी लागते. दोन दिवस गाडी सोडा. आडवं वेल्डिंग मारलं तर ते संपतं तिथंच लोखंड तुटतं. मी उगाच काम वाढवून राहिलो, असं त्याला वाटलं. दुसऱ्या कुणाकडून तासाभरात भंगाराचे दोन तुकडे चिकटवून आणले आणि स्टँडवर सांगत सुटला, गाडी मजबूत केली. त्या दिवसापासून दोन माणसं आणखी घ्यायला लागला. मोडक्या पायाला फडकं बांधायचं आणि डोक्यावर पोतं द्यायचं, एवढी त्याची अक्कल.

त्या जीपमधून वाचलेली रूपाबाई मला म्हणाली, त्यानं बेबीलाही तेच सांगितलं होतं, "बसा वहिनी, गाडी आता मजबूत हाय." बेबी मागच्या फळीवर बसली. मागं चढताना पाय ठेवायच्या जागी, चार माणसं जास्त बसावीत म्हणून, ती लोखंडी फळी लावलेली होती. ती मीच लावली होती, दोन वर्षांआधी. कशाला पाहिजे, हे विचारलं नव्हतं. माहीत होतं. म्हणून किसनरावला शिव्या देताना माझा आवाज पुरता चढत नाही.

बेबीच्या तेराव्याला किसनराव येऊन बसला आणि नशीब म्हणाला. नशिबानं वेल्डिंगचा रॉड धरला होता काय? पण मी त्याचंही पान वाढलं. चार माणसं जेवत होती.

दोन महिन्यांनी त्यानं ती जीप ट्रॅक्टरनं ओढत माझ्याच दारात आणली. "आता तू म्हणशील तसं," म्हणाला. परत पाठवली असती तर तो त्याच तासाभरवाल्याकडं गेला असता, म्हणून ठेवून घेतली. तुळया सरळ केल्या, तुटलेलं जोडलं, डाव्या बाजूची पट्टी बोल्टनं आवळली. उजवी घेण्याआधी त्याला बोलावलं.

"किसनराव, फळी कापू का?"

"फळी काहून कापतो बाबा? मग गाडी परवडत न्हाई."

"मग दुसरी पट्टी न्हाई."

"अरे, चासी मजबूत झाल्यावर फळीची काय तकलीफ?"

"बेबी तिथंच बसली होती."

त्यानं फळीकडं बघितलं. किती माणसं बसतात हेच मोजत असणार, दुसरं काय. उद्या येतो म्हणून गेला.

त्यानंतर तो चार वेळा आला. एकदा समजावायला आपल्या मेव्हण्याला पाठवलं. एक बाजू ताठ आणि एक ढिली अशी गाडी आधीपेक्षा लवकर तुटते, हे मी दोघांनाही सांगितलं. फळी कापायला मला पाव तास लागेल. न विचारता कापली, तर तो दुसरीकडून नवी बसवून घेईल. काप, असं त्यानं स्वतः म्हणायला पाहिजे. अजून म्हटलेलं नाही.

जीप दगडांवर उभी आहे. उजव्या बाजूची पट्टी बसवायची राहिली आहे.